चित्रात शेतकरी आहे, शेती कुठे आहे?

सप्टेंबर २०१९ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम म्युझियमने सतराव्या शतकासाठी ‘सुवर्णयुग’ हा शब्द वापरणं थांबवलं. त्या झळाळीखाली त्याच काळातली गरिबी, युद्धं, सक्तीची मजुरी आणि माणसांची खरेदी-विक्री झाकली जाते, असं संग्रहालयाचं म्हणणं होतं. नेदरलँड्सचे तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे यांनी हा खुळचटपणा असल्याचं सांगितलं. त्याच शहरातल्या राइक्सम्युझियम या राष्ट्रीय संग्रहालयाने शब्द ठेवला. वाद त्या एका शब्दाभोवती फिरला आणि भिंतीवरची चित्रं पूर्वीसारखीच बघितली जात राहिली. खेड्यातल्या कष्टकऱ्यांची चित्रं तर विशेषच. त्यांना आजही सर्रास ‘वास्तववादी’ म्हटलं जातं. डच शेतकऱ्याचं घर, कपडे, खाणंपिणं जसं होतं तसं इथे दिसतं, असं प्रेक्षक धरून चालतो. तसं ते दिसत नाही. प्रेक्षकाचा हा समज दुरुस्त करणं ही संग्रहालयांची जबाबदारी आहे, आणि ती त्यांनी आजवर नीट पार पाडलेली नाही.

सतराव्या शतकातल्या डच चित्रातला शेतकरी करतो काय? पितो, नाचतो, चिलीम ओढतो, पत्ते खेळतो, पत्त्यांवरून भांडून सुरा काढतो, कोपऱ्यात ओकतो. हॉलंडमधलं हार्लेम आणि आजच्या बेल्जियममधलं अँटवर्प या शहरांत काम केलेला आद्रियान ब्राउवर आणि हार्लेमचाच आद्रियान व्हॅन ओस्ताडे यांनी १६३०च्या दशकात हा प्रकार पक्का केला. चित्रं बहुतेक ओकच्या फळीवर, हातभर लांबीच्या आतली. अशा चित्रासमोर उभं राहिल्यावर क्रमाने काही गोष्टी तपासाव्यात. आधी हात बघावेत. हातात पेला असतो, चिलीम असते, पत्ते असतात, नाहीतर दुसऱ्याची गचांडी असते. मग भिंती आणि कोपरे बघावेत. मडकी, पिंप, केरसुणी, पालथी टोपली असे जिन्नस भरपूर, पण वापरात असलेलं शेतीचं अवजार क्वचितच. मग कपडे. ते अनेकदा चित्राच्या काळाचे नसतात, जुन्या छापचित्रांमधून उचललेले असतात. आणि शेवटी चेहरे. बसकं नाक, उघडं तोंड, बारीक डोळे. हा एका माणसाचा चेहरा नसतो, वर्गाला दिलेला साचा असतो. रुबेन्स हा राजदरबारी वावरणारा, सरदारकी मिळालेला चित्रकार. १६४० मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या संग्रहात ब्राउवरची सतरा चित्रं होती. दारूच्या गुत्त्यातली ही माणसं लटकत होती ती अशा घरांमध्ये.

ही रीत पहिल्यापासूनची नव्हती. आजच्या बेल्जियमच्या भागात काम करणाऱ्या पीटर ब्रॉयगेलने १५६५ मध्ये गव्हाच्या सुगीचं चित्र काढलं. ते आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. लांब दांड्याच्या विळ्याने कापणी करणारे पुरुष, पेंढ्या बांधणाऱ्या बायका, पिकातून काढलेल्या वाटेने घडा घेऊन येणारा माणूस, झाडाखाली जेवायला टेकलेला घोळका, आणि त्यात पाय पसरून गाढ झोपलेला एक मजूर. तो का झोपलाय हे सांगावं लागत नाही, शेजारी कापलेलं शेत आहे. हे चित्रही श्रीमंतासाठीच काढलेलं, अँटवर्पच्या निक्लास योंगेलिंक नावाच्या व्यापाऱ्याने मागवलेलं. म्हणजे श्रीमंत गिऱ्हाईक आलं की चित्रातून श्रम आपोआप जातात, असा सोपा हिशोब मांडता येत नाही. ब्रॉयगेलनंतरच्या सत्तर वर्षांत उत्तरेकडे, हॉलंडमध्ये, शेतीच बदलली होती आणि चित्राचा बाजारही.

शेती कशी बदलली, यासाठी बेम्स्टरचं उदाहरण पुरेसं आहे. अ‍ॅम्स्टरडॅमच्या उत्तरेला सुमारे सात हजार हेक्टरांचं सरोवर होतं. शंभराहून अधिक गुंतवणूकदारांनी पैसा घालून ते १६१२ मध्ये कोरडं केलं. आधी सरोवराभोवती बांध आणि बांधाबाहेर कालवा, मग चाळीसहून अधिक पवनचक्क्या. एक चक्की पाणी फार तर दीड मीटर उचलते, म्हणून त्या एकामागे एक पायऱ्यांसारख्या लावाव्या लागत. १६१० मध्ये जमीन उघडी पडत आली असताना वादळाने बांध फोडला आणि सगळं पाणी परत आत आलं, की पुन्हा सुरुवात. हे खोदकाम फावड्याने आणि हातगाडीने होत होतं. गुंतवणूकदारांमध्ये पुढाकार होता डर्क व्हॅन ऑस याचा, जो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या संस्थापक संचालकांपैकी एक. याच कंपनीने १६३७ मध्ये आपल्या वेंगुर्ल्याला वखार घातली. मसाल्याचा पैसा आणि शेतजमिनीचा पैसा एकाच खिशातला होता. शहरातला माणूस जमिनीचा मालक झाला, खेड्यातला माणूस तिच्यावर कूळ किंवा मजूर. नव्याने मिळवलेल्या या आखीव, चौकोनी जमिनी म्हणजे त्या काळचा जगातला एक मोठा अभियांत्रिकी पराक्रम. त्या काळच्या असंख्य डच निसर्गचित्रांत त्या जवळपास सापडतच नाहीत. चित्रकारांनी वाळूच्या टेकड्या रंगवल्या, जुनी ओकची झाडं रंगवली, पडके वाडे रंगवले.

पीटचंही तेच. दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजून साचलेला वनस्पतींचा हा थर वाळवला की जळण होतं, आणि हॉलंडमधल्या बियरच्या भट्ट्या, विटांच्या भट्ट्या, साखर शुद्ध करणारे कारखाने याच जळणावर चालत. वरचा कोरडा थर संपल्यावर सोळाव्या शतकात लांब दांड्याला लोखंडी कडं आणि जाळी लावलेलं अवजार आलं. मजूर होडीत किंवा काठावर उभा राहून पाण्याखालचा चिखल त्याने उपसायचा. तो चिखल जमिनीवर पसरायचा, पायाला फळ्या बांधून तुडवायचा, आवळला की विटांसारखा कापायचा आणि उन्हात रचायचा. जमीन खणली गेली तिथे तळी झाली, आणि वाऱ्याने काठ खात ती तळी वाढत गेली. गवताच्या हंगामात जर्मनीतल्या वेस्टफालियाकडून हजारो माणसं पायी येत, घरून बांधून आणलेल्या खारवलेल्या मांसावर दिवस काढत, ठरलेल्या मोबदल्यावर गवत कापत आणि परत जात. देशाची ऊब आणि देशाचं लोणी या दोन कामांवर उभं होतं. चित्रांच्या त्या प्रचंड ढिगात पीट उपसणारा आणि परमुलखातून आलेला गवत्या किती ठिकाणी भेटतो ते शोधून बघावं. फार थोड्या ठिकाणी, आणि बहुतेकदा दूरवरच्या ठिपक्यासारखा.

पाउलस पॉटरचा ‘तरुण बैल’ (१६४७) हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे. कॅनव्हास २३५ सेंटीमीटर उंच आणि ३३९ सेंटीमीटर रुंद. खऱ्या मापाचा बैल, अंगावर बसलेल्या माशांसकट. त्या काळी हे माप राजे, सेनापती आणि धार्मिक प्रसंगांसाठी राखलेलं असे. त्याच चित्रात डावीकडे झाडामागे एक शेतकरी उभा आहे. त्याच्याकडे नजर जाते ती सगळ्यात शेवटी. गाय-बैल हे हॉलंडच्या दुग्धव्यवसायाचं भांडवल होतं आणि भांडवलाचं व्यक्तिचित्र काढण्यात कुणाला संकोच नव्हता. याकोब व्हॅन रुइसडालच्या १६७०च्या सुमाराच्या गव्हाच्या शेतांच्या चित्रात पीक कापणीला आलेलं आहे, रस्त्यावर माणसं चाललेली आहेत, आणि कापणारं कुणीच नाही. त्याच्याच हार्लेमच्या चित्रात गवतावर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या पसरलेल्या दिसतात. ही धुलाईची कुरणं. परदेशातून आलेलं तागाचं कापड इथे राखेच्या क्षारपाण्यात भिजवत, गवतावर पसरून सतत ओलं ठेवत, मग आंबट ताकात बुडवत, आणि हे चक्र महिनोन् महिने चाले. चित्रातली ती कामगार माणसं मुंगीएवढी आहेत. आकाशाने दोन तृतीयांश जागा घेतली आहे.

अपवाद आहेत आणि ते लपवू नयेत. गाय पिळणारी बाई पॉटरच्या, आल्बर्ट काइपच्या चित्रांत वारंवार येते. हार्लेमच्या काही चित्रकारांनी मागावर बसलेला विणकर काढला. लायडनमध्ये इसाक व्हॅन स्वानेनबर्गने १५९४ पासून लोकरीच्या कापडाची सगळी प्रक्रिया दाखवणारी मोठी चित्रमालिका केली. धुणं, पिंजणं, कातणं, विणणं, सगळं पायरीपायरीने. पण ती मालिका मागवली कुणी? कापडाची तपासणी करून शिक्का मारणाऱ्या संस्थेने, स्वतःच्या इमारतीसाठी. तिथले कामगार धडधाकट, नीटनेटके आणि समाधानी आहेत. धंदा चालवणाऱ्यांनी सांगितलं तर श्रम चित्रात येतात, आणि येताना मालकाला हवे तसे येतात. गाय पिळण्याचं कौतुकही याच रांगेत बसतं, कारण दूध-लोण्याचा हॉलंडला अभिमान होता. पीट उपसण्याचा अभिमान कुणाला वाटत नव्हता.

यावर नेहमीचा एक आक्षेप येतो. हॉलंडमध्ये शेतकरीसुद्धा चित्रं विकत घेत, मग ही शहरी श्रीमंतांची नजर कशी? पुरावा म्हणून जॉन एव्हलिन या इंग्रज प्रवाशाची १६४१ मधली रॉटरडॅमच्या जत्रेची नोंद दाखवली जाते. साध्या शेतकऱ्याने चित्रांवर दोन-तीन हजार पौंड घालणं इथे नवलाचं नाही, असं तो लिहितो. आकडा उघडच फुगवलेला आहे. पण क्षणभर तो खरा मानला, तरी एवढा पैसा असलेला शेतकरी म्हणजे गाईंच्या कळपाचा मालक, मजूर ठेवणारा. हॉलंडमध्ये कसबी गवंड्याला दिवसाला सुमारे एक गिल्डर (तिथलं जुनं चलन) मिळत होता आणि अंगमेहनतीच्या मजुराला त्याहून कमी. मोठ्या बागायतदाराने आणि त्याच्या शेतावरच्या गड्याने एकच चित्र विकत घेतलं असतं, असं समजणं म्हणजे खेड्यात वर्ग नव्हतेच असं समजणं. एव्हलिन त्याच नोंदीत त्या जत्रेतल्या काही चित्रांना गावंढळ माणसांच्या गमतीजमतीची चित्रं म्हणतो, हे मात्र आक्षेप घेणारे सहसा सांगत नाहीत.

बाजाराने चित्र कसं घडवलं ते ओस्ताडेच्याच कामात सगळ्यात स्पष्ट दिसतं. तरुणपणी त्याने अंधारी कोठारं आणि मारामाऱ्या काढल्या. १६५०नंतर त्याची खोली उजळते. उंच खिडकी येते, तिच्यावर वेल चढतो, आई बाळाला भरवते, बाप कौतुकाने बघतो, जमीन झाडलेली असते. ब्रिटनच्या राजसंग्रहातलं त्याचं १६६८ मधलं झोपडीचं चित्र या प्रकाराचा उत्तम नमुना आहे, आणि रंगकाम म्हणून ते खरोखर सुंदर आहे. आता शेतीचे आकडे बघा. डच शेतमालाच्या किमती शतकाच्या पूर्वार्धात चढत्या होत्या आणि १६६०नंतर पडायला लागल्या, त्या पुढची कित्येक दशकं पडेलच राहिल्या. म्हणजे खेड्यात पैसा येत होता तेव्हा चित्रातला शेतकरी चिखलात लोळत होता, आणि खेडं अडचणीत आलं तेव्हा तो सुखी संसारी झाला. हे चित्र शेताकडे बघून काढलेलंच नव्हतं. शहरातल्या गिऱ्हाइकाला आधी खाली बघून हसायला शेतकरी हवा होता, पुढे आपल्याच घरगुती सद्गुणांचं साधं रूप म्हणून हवा होता. कलेचे बरेच अभ्यासक हे मान्य करतात. ही चित्रं म्हणजे हास्य आणि नीतिबोध यांची परंपरा, तिला दस्तऐवज समजू नका, असं तेच सांगतात. मग दालनातल्या पाटीवर ‘दैनंदिन ग्रामीण जीवनाचं दर्शन’ अशी भाषा राहते कशाला?

दोनशे वर्षांनी व्हॅन गॉग येतो, आणि इथे जरा थांबावं लागतं, कारण या परंपरेला छेद देण्याचा इतका सजग प्रयत्न दुसरा नाही. १८८४ मध्ये ब्राबांटमधल्या न्यूनेन गावी त्याने आधी घरमाग चालवणारे विणकर काढले. त्या चित्रांत मागच मोठा आहे, काळ्या पडलेल्या ओकचा, आणि माणूस त्याच्या आत अडकल्यासारखा बसलेला. पत्रात तो हिशोबही देतो. एक तागा विणायला आठवडा जातो, समोर बसून कांड्या भरायला घरातली बाई लागते, दोघांच्या मेहनतीचे हातात पडतात साडेचार गिल्डर. आणि तागा घेऊन गेल्यावर कारखानदार अनेकदा सांगतो, पुढचा आठवडाभर आणू नकोस. शेतकऱ्यांची चित्रं काढणाऱ्या किती जणांनी मजुरीचा हिशोब लिहून ठेवला?

१८८५च्या एप्रिल-मेमधलं ‘बटाटे खाणारे’ हे चित्र ८२ बाय ११४ सेंटीमीटरचं, सध्या अ‍ॅम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये. आधीचा सगळा हिवाळा त्याने गावकऱ्यांच्या चेहऱ्यांचे अभ्यास करण्यात घालवला होता, माणसांना पैसे देऊन बसवून. चित्रासाठी डे ग्रोट कुटुंबाचं झोपडं घेतलं. चेहरे त्याने पहिल्यांदा पिवळी गेरू, तांबडी गेरू आणि पांढरा मिसळून रंगवले. ते फार उजळ झाले म्हणून सरळ पुन्हा रंगवले, न सोललेल्या, माती लागलेल्या बटाट्याच्या रंगात. चित्रात जे पांढरं वाटतं त्यात शुद्ध पांढरा फारसा नाही. ते तांबडा, निळा, पिवळा एकत्र मळून केलेलं राखाडी आहे, आणि भोवतालच्या काळोखामुळे पांढरं भासतं. हेतू त्याने भाऊ थिओला लिहून ठेवला आहे. ताटात जाणाऱ्या याच हातांनी जमीन खणली आहे, या माणसांनी आपलं अन्न प्रामाणिकपणे मिळवलं आहे, हे दिसायला हवं. खेड्याच्या चित्राला धुराचा, बटाट्याच्या वाफेचा वास येत असेल तर येऊ दे, असंही तो म्हणतो. इथेसुद्धा शेत नाही, फावडं नाही, रात्रीचं जेवण चाललंय. तरी हे श्रमाचं चित्र आहे, कारण सांधे सुजलेले, बोटं वाकलेली, आणि तीच बोटं प्रकाशात आणून ठेवलेली. ओस्ताडेच्या शेतकऱ्याचे हात बघून त्याने काल काय काम केलं हे कळत नाही. इथे कळतं.

मित्र अँथन व्हॅन रापार्डला या चित्राची शिळाछाप मिळाली आणि तो चिडला. उजवीकडच्या माणसाला गुडघा, पोट, फुप्फुसं आहेत की नाहीत, मागच्या बाईचा हात इतका खोटा का, असं त्याने लिहिलं. रापार्ड सरदार घराण्यातला, अकादमीत शिकलेला. शरीररचनेच्या बाबतीत त्याचं म्हणणं चूक नाही, हात खरंच अवघडलेले आहेत. पण नेमकं रेखाटन म्हणजे सत्य, ही कसोटी लावली तर ओस्ताडे जिंकतो, आणि ओस्ताडेने श्रम गाळलेले आहेत.

व्हॅन गॉगला मात्र देव्हाऱ्यात बसवू नये. त्याने पत्रात स्पष्ट लिहिलंय की त्याला बसके चेहरे, अरुंद कपाळं आणि जाड ओठ असलेली माणसं चित्रासाठी हवी आहेत. म्हणजे साचा इथेही आहे, फक्त हसण्याऐवजी आदरासाठी वापरलेला. गाव बहुसंख्य कॅथलिक, तो प्रोटेस्टंट पाद्र्याचा मुलगा. त्याच झोपड्यातली, चित्रासाठी बसलेली गोर्दिना डे ग्रोट १८८५ मध्ये गरोदर राहिली, संशय त्याच्यावर गेला, त्याने तो नाकारला. स्थानिक कॅथलिक धर्मगुरूने लोकांना सांगितलं की याच्यासमोर बसू नका, आणि बसण्याचे मिळणारे पैसे आम्ही देतो. नोव्हेंबरमध्ये तो गाव सोडून अँटवर्पला गेला. त्याला जाता आलं. त्या वर्षांत अमेरिकेतल्या स्वस्त धान्याने युरोपातले भाव पाडले होते आणि डे ग्रोटांसारख्यांना जायला जागा नव्हती. त्याच काळात हेग शैलीतला आंतोन मौव्ह माळावरच्या मेंढ्या आणि त्यांच्यामागून चाललेला धनगर धुकट रंगात काढत होता, आणि ती चित्रं अमेरिकेत उत्तम भावाने खपत होती. एकाच समुद्रावरून धान्य इकडे येत होतं आणि गरिबीची हळवी चित्रं तिकडे जात होती.

मग करायचं काय? चित्रं उतरवा असं कुणी समंजस माणूस म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. सतराव्या शतकातल्या चित्रकाराला आजच्या जाणिवेने दोषी ठरवण्यातही अर्थ नाही. तो पोट भरत होता. मागणी पाटीबद्दल आहे, आणि तिला ताजा दाखला आहे. २०२१ मध्ये गुलामगिरीवरच्या प्रदर्शनाच्या वेळी राइक्सम्युझियमने कायम संग्रहातल्या ७७ वस्तूंपाशी जादा पाट्या लावल्या आणि त्या वस्तूचं गुलामांच्या श्रमाशी असलेलं नातं सांगितलं. आकाश कोसळलं नाही. फ्रान्स पोस्ट या डच चित्रकाराने हार्लेमला परतून काढलेल्या ब्राझीलच्या शांत, हिरव्या चित्रांतली उसाची घाणी कुणाच्या श्रमांवर चालत होती, हे तिथे लिहिता येतं, तर पोल्डरमधल्या, म्हणजे पाणी उपसून मिळवलेल्या जमिनीवरच्या कुळाबद्दलही लिहिता येईल.

भिंतीवरच्या पाटीत साठ-ऐंशी शब्द मावतात. सध्या त्यातले अर्धे चित्रकार कुणाचा शिष्य आणि प्रकाश कुठून येतो यावर खर्च होतात. ते कमी करावेत आणि तीन गोष्टी लिहाव्यात: हे चित्र कुणाच्या भिंतीसाठी होतं, चित्रातला माणूस प्रत्यक्षात कोणतं काम करत असे, आणि त्या कामाचं त्याला काय मिळे. पॉटरच्या बैलापाशी कुरण कुणाच्या मालकीचं असे आणि गवत कोण कापे हे यावं. ओस्ताडेच्या उजळ झोपडीपाशी लोण्याचा आणि धान्याचा त्या दशकातला भाव यावा. रुइसडालच्या कापडापाशी क्षारपाणी आणि ताक यावं. ‘बटाटे खाणारे’पाशी माणसांना बसण्याचे पैसे मिळाले हे यावं, आणि गोर्दिनाचं नाव नुसतं ‘मॉडेल’ म्हणून न येता ती शेतात काय करत असे यासह यावं. मजुरी, खंड आणि बांधबंदिस्तीच्या खर्चाच्या वह्या बांध-कालवे सांभाळणाऱ्या डच पाणी-मंडळांच्या आणि पोल्डरांच्या दप्तरांत शतकानुशतकं जपलेल्या आहेत, शेतीच्या इतिहासकारांनी त्यातले भाव आणि वेतनं मोठ्या प्रमाणात काढूनही ठेवली आहेत. कलेतिहासाच्या विभागाने त्यांना पाटी लिहायच्या बैठकीला बोलवायचं तेवढं बाकी आहे.